व्हिडिओ गेमची वार्तापत्रे : अमेरिकेच्या टपालापासून हिंगोलीच्या वहीपर्यंत

व्हिडिओ गेमचे वार्तापत्र म्हणजे खेळ विकणाऱ्या कंपनीने किंवा त्या खेळाच्या चाहत्यांनी सभासदांच्या घरी टपालाने पाठवलेले थोड्या पानांचे नियतकालिक. दुकानात मिळणाऱ्या मासिकाहून ते एका बाबतीत अगदी वेगळे असते. मासिक कोण वाचतो हे संपादकाला बहुधा माहीत नसते. वार्तापत्र काढणाऱ्याकडे मात्र वाचकाचे नाव, गाव आणि घर क्रमांक लिहिलेला असतो. १९८१ ते १९९५ या साधारण पंधरा वर्षांत अमेरिका आणि जपानमध्ये अशा पत्रांचे पीक आले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. तिथेही नव्वदच्या दशकात टीव्ही गेम पोचला, मारिओ आणि काँट्रा पोचले, पण त्यांच्यामागून टपाल आले नाही. ते का आले नाही आणि त्याच्या जागी काय आले, हे पाहिल्याशिवाय या विषयाचा आढावा अर्धाच राहतो.

पत्त्यांचा हा व्यवहार व्हिडिओ गेमच्या कितीतरी आधी सुरू झाला. ह्यूगो गर्न्सबॅकने १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक काढले आणि वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापायला सुरुवात केली. पत्ता छापल्यामुळे वाचक संपादकाला वळसा घालून एकमेकांना लिहू लागले, त्यातून मंडळे झाली आणि मंडळांनी स्वतःची पत्रे काढली. शिकागोच्या मंडळींनी १९३० मध्ये काढलेले 'द कॉमेट' हे अशा चाहतापत्रांतले पहिले मानले जाते. 'फॅनझिन' हा शब्द त्यानंतर दहा वर्षांनी, १९४० मध्ये, रस शोव्हने याने वापरात आणला. पुढे टपालाने खेळल्या जाणाऱ्या 'डिप्लोमसी' या पटावरच्या खेळाचीही पत्रे निघाली. प्रत्येक खेळाडूने आपली चाल पत्राने कळवायची आणि संपादकाने सगळ्या चाली एकत्र छापून पाठवायच्या, अशी ती पद्धत होती. जॉन बोर्डमनचे १९६३ मधले 'ग्राउस्टार्क' हे त्यातले अग्रणी.

मराठी वाचकाला या प्रकारात अनोळखी काही नाही. शाळांची हस्तलिखिते इथे पिढ्यान्‌पिढ्या निघत आली आहेत. मुंबईत १९५० च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले, साठच्या दशकात अशोक शहाणे यांचे 'असो' आले. विषय कवितेचा असो की खेळाचा, स्टेन्सिल कापणे, शाईने हात काळे करणे, पाने जुळवणे, टाचण मारणे आणि शेवटी पाकिटांवर पत्ते लिहीत बसणे ही कामे तीच. फरक पडला तो पुढे, व्हिडिओ गेमच्या बाबतीत हे काम कंपन्यांनी उचलले तेव्हा.

१९७९ मध्ये अटारी सोडून आलेल्या काही कार्यक्रमकारांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि १९८१ पासून 'ॲक्टिव्हिजन्स' हे वार्तापत्र पाठवायला सुरुवात केली. तिची युक्ती साधी होती. खेळाच्या पुस्तिकेत एक गुणसंख्या दिलेली असे. तेवढे गुण मिळाले की खेळाडूने टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून कंपनीला पाठवायचा. 'पिटफॉल' या १९८२ च्या खेळासाठी ही संख्या २०,००० होती. फोटो पोचला की कंपनीकडून शर्टावर शिवायचे कापडी पदक येई. पडद्याचा फोटो काढणे तेव्हा सोपे नव्हते. फ्लॅश चालू राहिला तर काचेवर नुसता पांढरा डाग उमटे, शिवाय रोल धुऊन आल्याशिवाय काय हाती लागले ते कळायचे नाही. तरीही हजारो मुलांनी फोटो पाठवले, आणि प्रत्येक पाकिटासोबत कंपनीला एक खरा, राहता पत्ता मिळाला. कुठल्याही जाहिरात संस्थेला इतकी चोख यादी जमली नसती.

अटारीने १९८२ मध्ये 'अटारी एज' काढले, ते अटारी क्लबच्या सभासदांसाठी. मॅटेलने इंटेलिव्हिजनसाठी आणि मॅग्नाव्हॉक्सच्या घराण्याने ओडिसीसाठी अशीच पत्रे चालवली. अटारीने तर एक खेळच क्लबच्या हवाली केला. 'स्वोर्डक्वेस्ट' ही चार खेळांची स्पर्धा तिने जाहीर केली होती. प्रत्येक भागाच्या विजेत्याला २५,००० डॉलर किमतीचे सोन्यारत्नांचे बक्षीस आणि अंतिम विजेत्याला ५०,००० डॉलरची तलवार, असा थाट होता. तिसरा भाग 'वॉटरवर्ल्ड' बाजाराची स्थिती बिघडल्यावर १९८३ मध्ये क्लबच्या सभासदांनाच टपालाने विकला गेला. चौथा 'एअरवर्ल्ड' निघालाच नाही. अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार तोवर कोसळला होता. १९८३ मधली सुमारे ३.२ अब्ज डॉलरची उलाढाल १९८५ पर्यंत १० कोटींच्या आसपास आली, असे आकडे नेहमी दिले जातात. जुलै १९८४ मध्ये अटारीचा घरगुती विभाग विकला गेला. त्या वर्षात 'अटारी एज' बंद झाले, इतर कंपन्यांची पत्रेही मिटली.

या पडझडीत एक पत्र टिकले आणि ते सगळ्यांत वाचनीय होते. मॅसॅच्युसेट्समधल्या इन्फोकॉम कंपनीचा 'झॉर्क' हा शब्दांनी खेळायचा खेळ. त्यात चित्र नसे. वाक्य टाइप करायचे आणि उत्तरादाखल वाक्य वाचायचे, एवढेच. अडलेले खेळाडू कंपनीला पत्रे लिहून सोडवणूक मागत. त्यांना उत्तरे देण्यासाठी माइक डॉर्नब्रुक याने १९८१ मध्ये 'झॉर्क युजर्स ग्रुप' सुरू केला. 'इन्व्हिझिक्लूज' ही त्याचीच कल्पना. उत्तरे अदृश्य शाईत छापलेली असत आणि खास पेन फिरवल्यावर हवे तेवढेच उत्तर दिसे. उत्तर हवेही आहे आणि नकोही आहे, ही खेळाडूची अवस्था त्याने बरोबर ओळखली होती. या मंडळाचे पत्र 'द न्यू झॉर्क टाइम्स' पुढे इन्फोकॉमकडे गेले. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध दैनिकाचे विडंबन त्याच्या मथळ्यापासूनच सुरू होई. १९८६ मध्ये त्या दैनिकाने हरकत घेतली आणि पत्राचे नाव 'द स्टेटस लाइन' झाले. कंपनीच्या पत्रांत हा अपवाद, कारण इथे लिहिणाऱ्यांना आपला माल विकण्याइतकीच थट्टा करण्याची हौस होती.

निन्टेंडोने हा धंदा वेगळ्याच प्रमाणावर नेला. यंत्राबरोबर येणारी हमीपत्रे मुले भरून पाठवत. त्यांतून तयार झालेल्या यादीवर कंपनीने १९८७ मध्ये 'निन्टेंडो फन क्लब न्यूज' पाठवायला सुरुवात केली. सभासदत्व फुकट होते, संपादनाची जबाबदारी गेल टिल्डन यांच्याकडे होती आणि क्लबचा अध्यक्ष म्हणून बो टाय घातलेला हॉवर्ड फिलिप्स मुलांना ओळखीचा झाला होता. जाहिरात खेळाच्या आतही शिरली. मुष्टियुद्धाच्या 'पंच-आउट' या १९८७ च्या खेळात दोन फेऱ्यांच्या मधे प्रशिक्षक आपल्या पठ्ठ्याला डावपेच सांगता सांगता फन क्लबात नाव घालण्याचा सल्ला देतो. सात अंकांत सभासद दहा लाखांवर गेले. एवढ्या अंकांचे फुकट टपाल कंपनीला झेपेना. म्हणून जुलै-ऑगस्ट १९८८ मध्ये तिने वर्गणीचे 'निन्टेंडो पॉवर' काढले. पहिल्या अंकाच्या सुमारे ३६ लाख प्रती छापल्या, क्लबच्या सभासदांना तो फुकट गेला आणि मग वर्गणी भरायला सांगितले गेले. वार्तापत्राचे मासिक झाले ते असे. संगणकावरच्या खेळांच्या कंपन्यांनी जुनी रीत थोडी अधिक काळ चालवली. सिएरा नोंदणी केलेल्या ग्राहकांना आपले मासिक पाठवी आणि लुकासआर्ट्सचे 'द ॲडव्हेंचरर' १९९० पासून पुढची काही वर्षे फुकट येत होते.

जपानमधली वाट खालून वर गेली. टोकियोच्या उपनगरात वाढलेल्या सातोशी ताजिरी या तरुणाने १९८३ मध्ये 'गेम फ्रीक' नावाचे पत्र स्वतः हाताने लिहून, टाचण मारून विकायला सुरुवात केली. आर्केडमधले खेळ कसे जिंकायचे, त्यांत काय दडले आहे, हा त्याचा विषय. 'झेव्हियस' या खेळावरच्या अंकाच्या दहा हजारांहून अधिक प्रती खपल्याचे सांगतात. ते पत्र पाहून केन सुगिमोरी हा चित्रकार त्याला येऊन मिळाला. बाजारातले बहुतेक खेळ आपल्याला हवे तसे नाहीत, असे दोघांचे मत झाले तेव्हा त्यांनी स्वतः खेळ करायचे ठरवले. १९८९ मध्ये 'गेम फ्रीक' ही कंपनी झाली आणि २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तिचा 'पोकेमॉन' बाजारात आला. हाताने लिहिलेल्या एखाद्या मासिकातून इतके मोठे काही उभे राहिल्याचे दुसरे उदाहरण खेळांच्या जगात सापडत नाही.

अमेरिकेतल्या चाहत्यांची दिशा उलटी, म्हणजे मागे पाहणारी होती. अटारीची यंत्रे माळ्यावर गेल्यानंतर जुन्या खेळांचा संग्रह करणाऱ्यांनी १९९० मध्ये '२६०० कनेक्शन' आणि १९९१ मध्ये 'डिजिटल प्रेस' ही पत्रे काढली. कोणता खेळ कुठल्या वेष्टनात निघाला, कोणता जाहीर होऊनही निघाला नाही, जुन्या बाजारात काय भाव आहे, याच्या याद्या ते छापत. त्यात भाषेचा डौल नव्हता, आणि मुद्रणदोष भरपूर होते. पण व्हिडिओ गेमच्या इतिहासाचा पाया या याद्यांनी घातला. बिल कंकेल आणि आर्नी कॅट्झ यांनी १९८१ मध्ये काढलेले 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' हे अमेरिकेतले या विषयावरचे पहिले व्यावसायिक मासिक. तेही चाहतापत्रांच्या मांडवाखालूनच गेलेले होते.

साधन म्हणून या पत्रांचे मोल करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. परीक्षण म्हणून कंपनीच्या पत्रावर विसंबणे म्हणजे मुलीच्या आईला मुलीचे गुण विचारणे. त्यात आपला एकही खेळ वाईट नसतो. साक्षीदार म्हणून मात्र त्यांना तोड नाही. जाहीर होऊन न निघालेले खेळ, बदललेली नावे, त्या महिन्याची किंमत, मुलांनी विचारलेले प्रश्न, त्यांची चित्रे, सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांची गावे हे सारे दुसरीकडे कुठे नोंदलेले नसते. कंपन्यांनी स्वतःचे दप्तर क्वचितच जपले. अनेक खेळांबाबत दहा वर्षांच्या मुलाला पाठवलेले सोळा पानी पत्र हाच आज उरलेला कागद आहे.

आता भारताकडे. निन्टेंडोचे यंत्र इथे 'सामुराई' या नावाने अधिकृतपणे विकले गेले आणि १९९५ मध्ये शॉ वॉलेसने सेगाची यंत्रे आणली. पण आयात शुल्काने किंमत चढली होती, आणि घराघरांत पोचली ती नक्कल यंत्रे. मीडिया कंपनीचे 'लिटल मास्टर' आणि त्यामागून तैवान-चीनमधून आलेली बिननावाची किंवा भलत्याच नावाची खोकी. मराठीत त्या सगळ्यांना एकच नाव पडले, टीव्ही गेम. त्यात घालायच्या खेळाला कॅसेट म्हणत आणि हातात धरायच्या कळफलकाला रिमोट. एका कॅसेटवर ९९,९९९ खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात आठ-दहाच खेळ यादीत पुनःपुन्हा वेगळ्या नावांनी फिरत.

हिंगोली, वसमत, कळमनुरी या बाजूला हे यंत्र बहुधा मोठ्या गावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून किंवा मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाच्या पिशवीतून येई. पूर्णा-अकोला मार्गावर तेव्हा मीटरगेज गाडी धावत होती. अशा खरेदीत हमीपत्र भरून कोणाला पाठवायचे, हा प्रश्नच नव्हता. नक्कल करणाऱ्या कारखान्याला ग्राहकाचा पत्ता नको होता, आणि त्याने स्वतःचा पत्ता खोक्यावर छापणे तर त्याच्या फायद्याचे अजिबात नव्हते. जुनी कॅसेट देऊन वर काही रुपये टाकून दुसरी घेण्याचा रिवाज होता, त्यामुळे एकच कॅसेट वर्षभरात पाच-सहा घरे हिंडे. मालक कोण हेच जिथे ठरलेले नाही, तिथे सभासदांची यादी कोण करणार? वार्तापत्र हे पत्त्यांच्या यादीचे अपत्य आहे, आणि इथे यादीच जन्मली नाही.

नक्कल माल हे या गोष्टीचे पुरेसे कारण नाही. रशियातही मूळ निन्टेंडो पोचला नव्हता. तिथे स्टिपलर कंपनीने १९९२ पासून 'डेंडी' हे नक्कल यंत्र विकले. पण तिने ते एका नावाने, जाहिरात करून आणि स्वतःच्या दुकानांतून विकले. १९९३ मध्ये तिथे डेंडीचे मासिक निघाले, १९९४ मध्ये दूरचित्रवाणीवर कार्यक्रमही आला. विकणारा एक असला आणि त्याला उद्याही तोच ग्राहक हवा असला, तर नकली यंत्राभोवतीही नियतकालिक उभे राहते. मराठवाड्यात विकणारे शंभर होते आणि ग्राहकाशी त्यांचा संबंध काउंटरवरच संपत होता.

टपालाचीही इथे उणीव नव्हती. 'चांदोबा'च्या छायाचित्र-मथळा स्पर्धेत महाराष्ट्रातल्या लहान लहान गावांची नावे छापून येत. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून खेड्यापाड्यांतल्या शाळांत जात होते. परदेशी नभोवाणी केंद्रांना पत्रे लिहून कार्यक्रमपत्रिका आणि रंगीत कार्डे मिळवणारे श्रोते आणि त्यांचे श्रोता संघ देशभरच्या लहान गावांत होते. कार्डावर चार ओळी लिहून टाकण्याची सवय, उत्तराची वाट पाहण्याची चिकाटी, दोन्ही इथे मुरलेल्या होत्या. पत्र पाठवायला समोर पत्ता तेवढा नव्हता.

त्यामुळे वार्तापत्राची कामे इतर गोष्टींनी वाटून घेतली. गुपिते तोंडी फिरली. 'काँट्रा'त तीस जीव मिळवण्याची किल्ली अमेरिकेत 'निन्टेंडो पॉवर'ने छापून घरोघर नेली. मुळात ती काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या कार्यक्रमकाराने 'ग्रॅडियस' या खेळासाठी, स्वतःला चाचणी करताना सोपे जावे म्हणून, घातली होती. मराठीत ती 'वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए' अशी पाढ्यासारखी म्हटली गेली. पुढे नक्कल करणाऱ्यांनी आणखी सोपे केले. तीस जीवांचा काँट्रा त्यांनी यादीत वेगळा खेळ म्हणूनच घातला. जे गुपित तिकडे सभासदाला अंकातून मिळे, ते इथे कॅसेटमध्येच भरून आले.

दुसरे काम वहीने केले. नक्कल कॅसेटमध्ये खेळ अर्धवट ठेवून पुन्हा तिथूनच सुरू करण्याची सोय सहसा नसे. काही खेळ प्रत्येक टप्प्यानंतर अक्षर-अंकांचा सांकेतिक शब्द दाखवत आणि तो उतरवून घ्यावा लागे. वीज मधेच गेली तर सगळे मुसळ केरात, म्हणून तो लगेच उतरवणे शहाणपणाचे. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर असे शब्द, कोणत्या खेळाचा यादीत कोणता क्रमांक, कोणाचे किती गुण, कोणाकडे कोणती कॅसेट गेली, याच्या नोंदी होत. ही वही शेजारी उसनी जाई, तिच्यावरून दुसरी उतरवली जाई. संपादक नाही, अंक नाही, तारीखही बहुधा नाही. तरी आशय पाहिला तर ती 'डिजिटल प्रेस'च्या याद्यांच्या फार जवळची आहे.

छापील इंग्रजी मासिके या भागासाठी उशिरा आली. मुंबईच्या जसुभाई डिजिटल मीडियाच्या 'डिजिट'ने २००१ पासून संगणकाच्या मासिकाबरोबर सीडी द्यायला सुरुवात केली आणि त्याच घरातून खेळांना वाहिलेले 'स्कोर' निघाले. सीडीवर खेळांचे नमुने असत. इंटरनेट मंद आणि महाग असलेल्या काळात लहान गावच्या संगणक वर्गांत लेखांपेक्षा सीडीलाच मागणी जास्त होती. ही पत्रे क्लबची नव्हती, पण वाचकांची पत्रे आणि वादविवाद त्यांत भरपूर असत. मराठी दैनिकांच्या पुरवण्यांत खेळांबद्दल जे येई ते बहुधा डोळे बिघडतात या अंगाने. खेळणाऱ्याच्या बाजूने, मराठीत, नियमित निघालेले छापील पत्र उभे राहिले नाही, ही या विषयातली मराठीची उणीव मान्य करायला हवी. क्रिकेट आणि सिनेमा या दोन्ही वेडांना मराठीने नियतकालिके दिली. टीव्ही गेमपर्यंत मात्र तिचे लक्ष गेले नाही.

जुन्या पत्रांच्या जतनाला तिकडे आता संस्थात्मक रूप आले आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या 'द स्ट्राँग' या खेळांच्या संग्रहालयात अशा कागदांचे मोठे दालन आहे. फ्रँक सिफाल्डी यांनी २०१७ मध्ये उभी केलेली 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' ही संस्था फक्त याच कामासाठी आहे. ३० जानेवारी २०२५ रोजी तिने आपले डिजिटल ग्रंथालय सर्वांना खुले केले, त्यात बंद पडलेल्या मासिकांचे १,५०० हून अधिक अंक आहेत. अडचण हक्कांची येते. २०१६ मध्ये 'निन्टेंडो पॉवर'चे अंक सार्वजनिक संग्रहातून कंपनीच्या मागणीवरून काढावे लागले, आणि ते मासिक स्वतः डिसेंबर २०१२ मध्येच बंद झाले होते. त्या मानाने 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने वाचकांना मोकळे करून दिले, हे सुदैव.

वह्यांचा प्रश्न हक्कांचा नाही, रद्दीचा आहे. १९९५ च्या आसपास सातवी-आठवीत असलेली मुले आता चाळिशी ओलांडून गेली आहेत, आणि त्यांची जुनी घरे पाडून नवी बांधली जात आहेत. हिंगोली, सेनगाव, औंढा, वसमत, कळमनुरी किंवा आणखी कुठल्याही गावी माळ्यावर अशी वही, कॅसेटचे वेष्टन किंवा यंत्राचे खोके सापडले, तर ते दिवाळीच्या आवराआवरीत तराजूवर घालण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा, आणि गाव, अंदाजे वर्ष व यंत्राचे नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवून ती वही जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्यावी.